हॅरॉल्ड ऑल्सन यांच्यासाठी एक मिस्सा

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
८ फेब्रुवारी १९८६

प्रिय बाय,

सप्रेम जय येशू. तुझं नाताळचं पत्र जानेवारी संपता संपता हातात पडलं. कॉन्व्हेंटमध्ये सगळे तुला सिस्टर मोनिका म्हणतात, दवाखान्यातले पेशंटसुद्धा, पण मी घरातल्यासारखं बायच लिहिणार. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? गुडघे टेकून प्रार्थना करायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग ऐक.

आम्ही तिघं ठीक आहोत. बावतीसच्या कंपनीत काम भरपूर आहे, सकाळी सहाला गाडी काढतो. अनिताला नऊ वर्षं पूर्ण झाली. मराठी सगळं समजतं तिला, पण मी "जेवायला ये" म्हटलं की "इन अ मिनिट, मॉम" हेच उत्तर.

दीपाचं नर्सिंग पूर्ण झालं हे वाचून बरं वाटलं. लेक नर्स झाली म्हणून आगुस्तीनदादाला केवढा आनंद झाला असेल. तिला माझ्या हॉस्पिटलात लावून घेता येईल का, असं तू विचारलंस. तिचंही वेगळं पत्र आलंय. मी मागे आले होते तेव्हा तिला पांढऱ्या युनिफॉर्ममधला माझा फोटो दिला होता, तो तिने अजून जपून ठेवलाय म्हणे. इकडचे नियम हल्ली बरेच बदललेत. परीक्षा असते, व्हिसाचं वेगळं. मी चौकशी करते. घाई करू नका.

माझी ड्यूटी नेहमीसारखी. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. बुधवारी उपवासकाळ सुरू होतोय, कपाळावर राख घ्यायला जाऊच. आगुस्तीनदादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
रेजिना


२४ फेब्रुवारी १९८६

प्रिय बाय,

मागचं पत्र तुला अजून मिळालंही नसेल, तरी हे लिहायला बसले. तिकडे पेपरात आलं की नाही कोण जाणे, पण आमच्या उत्तरेला मोठा पूर आला. नऊ-दहा दिवस पाऊस थांबलाच नाही. आमच्या घराला काही झालं नाही. इथून दोनेक तासांवर नदीकाठची गावं मात्र पाण्यात गेली.

मंगळवारी आमच्या चर्चमधल्या लुर्डेसचा फोन आला. ती फिलिपिन्सची आहे, सगळ्या कामांत पुढे. म्हणाली, "रेजिना, पॅरिशची व्हॅन उद्या पूरग्रस्तांसाठी जातेय. तिकडच्या चर्चच्या हॉलमध्ये दीडशे माणसं आहेत आणि एकही नर्स नाही. रजिस्टरमध्ये तुझ्या नावापुढे नर्स लिहिलंय." मी म्हटलं, बघते. फोन ठेवला तेव्हा बावतीस समोरच उभा होता. तो म्हणाला, "जा. अनिताला मी सांभाळतो."

बुधवारी सकाळी गेलो. हॉल उंचावर होता म्हणून वाचला होता. खाली बघितलं तर रस्ता जिथे असायला हवा तिथे चॉकलेटी पाणी, आणि पाण्यावर नुसती छपरं. तिथल्या फादर कीनने तीन दिवस गमबूट काढले नव्हते. हॉलमध्ये ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास भरून होता. माणसं शांत होती. रडणं वगैरे फारसं नव्हतंच. रांगेत उभं राहून सूप घ्यायचे, थँक यू म्हणायचे आणि खाटेवर बसून राहायचे. मी जखमा धुतल्या, बँडेज बांधली, मुलांचे ताप पाहिले. संध्याकाळपर्यंत घरचं कुणी आठवलं नाही.

तिथे एक मिसेस सिल्वेरा म्हणून बाई होत्या, सत्तरीच्या. माणसं पोर्तुगीज, दोन पिढ्यांपासून तिथेच, थोड्या गाई आणि सफरचंदाची बाग. होडी आली तेव्हा त्यांचा नवरा मॅन्युएल गाई टेकडीवर न्यायला मागे राहिला. त्याचा पत्ता नव्हता. बाईंना डायबेटीस. डोळे इतके अधू की आकडे दिसत नाहीत, त्यामुळे सकाळचं इन्सुलिन नवराच टोचायचा. पर्समध्ये बाटली होती, सिरिंज घरी वाहून गेलेली. मंगळवार आणि बुधवार, दोन सकाळी चुकल्या होत्या. दिवसातून एकदा येणाऱ्या डॉक्टरने सिरिंज दिल्या, बाटलीवरचा डोस तपासला आणि मला म्हणाला, "यू आर द नर्स? गुड. रोज सकाळी अठरा युनिट."

बऱ्याच दिवसांनी सिरिंज हातात धरली. गुरुवारी सकाळी अठरा भरलं, लुर्डेसला बोलावून आकडा मोठ्याने वाचायला लावला, परत काढून टाकलं, परत भरलं, परत वाचायला लावलं. लुर्डेस म्हणाली, "दोनदा वाचला की." मी म्हटलं, अजून एकदा वाच. सिल्वेराबाई दंड उघडा टाकून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचा हात गार पडलाय. मला घाई नाही."

दिलं. बाईंना काही झालं नाही. शुक्रवारी, शनिवारीही दिलं. शनिवारी दुपारी मॅन्युएल आला. पलीकडच्या गावातल्या शाळेत अडकला होता. गुडघ्यापर्यंत चिखल. बायकोला मिठी मारायच्या आधी त्याने विचारलं, "इन्सुलिन कोणी दिलं?" मी तीन दिवसांच्या वेळा आणि डोस लिहिलेला कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि मग तिच्याजवळ गेला. गाई वाचल्या, घर गेलं.

शनिवारी संध्याकाळी घरी आले. सगळं ठीक आहे. दीपाचं बघते.

तुझी,
रेजिना


२२ मार्च १९८६

प्रिय बाय,

तुझं पत्र मंगळवारी आलं. बाकी सगळं लिहून झाल्यावर तू खाली एकच ओळ लिहिलीस: "हॉस्पिटलात रोज काम करणाऱ्या नर्सला सिरिंज बऱ्याच दिवसांनी कशी धरावी लागते?" तेवढंच. रागावली नाहीस, पुन्हा विचारलंही नाहीस. चार दिवस ते पत्र ओट्यावर पडून होतं. बावतीसने वाचलं. म्हणाला, "आता लिही. नाहीतर मी लिहीन."

मी हॉस्पिटलात नाही, बाय. डिसेंबर ८३पासून नाही. मी मॉलमधल्या एका दुकानात कापड मोजून कापते. बायका पडद्यांसाठी येतात, शिवणकामासाठी येतात. उभं राहून पाय दुखतात हे लिहिलं ते खोटं नव्हतं. बाकी होतं. अनिताला शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. तिने विचारलं, "मॉम, आर यू अ नर्स ऑर नॉट?" मी म्हटलं, लिही काहीही. तिने ती जागा कोरी सोडली.

आमच्या वॉर्डात हॅरॉल्ड ऑल्सन नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. हार्टचे पेशंट, शिवाय डायबेटीस. डॉक्टरने दहा युनिट इन्सुलिन लिहिलं होतं. दहाच्या पुढे युनिटसाठी इंग्रजी यू काढला होता, घाईत, वरून जवळजवळ मिटलेला. मला तो शून्य वाटला. मी शंभर दिलं. आकडा जास्त आहे हे मला खटकलं होतं, बाय. तेच खरं आहे. शेजारी दुसरी नर्स होती, तिला विचारायला दहा पावलं चालावं लागलं असतं. ती कामात होती, मीही होते. विचारलं नाही. अर्ध्या तासात ते घामाने निथळले आणि बेशुद्ध झाले. लगेच ग्लुकोज दिलं, सगळं केलं. चौथ्या दिवशी गेले.

चौकशी झाली. डॉक्टरच्या अक्षराला दोष दिला. हृदय आधीच थकलं होतं, त्यामुळे मृत्यू कशाने आला ते नक्की सांगता येत नाही, असं लिहिलं. माझं लायसन्स राहिलं. कामावर या म्हणाले. मी राजीनामा दिला.

पण मला राहू देत नाही ते वेगळंच आहे. ते गेले त्या सकाळी त्यांची मुलगी कॉरिडॉरमध्ये भेटली. तिला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुम्ही डॅडची फार चांगली काळजी घेतलीत. थँक यू." मी म्हटलं, यू आर वेलकम. बाय, मी तिला यू आर वेलकम म्हटलं.

त्यानंतर मी फादरांपुढे पाप कबूल करायला, कुमसाराला, गेले नाही. रविवारी मिस्साला जायचे, मागच्या बाकावर बसायचे, कम्युनियन घ्यायला सगळे वेदीपुढे गेले की अनिताचा कोट नीट करत राहायचे. या वर्षी राख घ्यायलाही गेले नाही. तुला जाऊ म्हणून लिहिलं होतं.

आता त्या हॉलमधलं मागच्या पत्रात गाळलेलं लिहिते.

गुरुवारी इंजेक्शन दिल्यावर मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. थोड्या वेळाने सिल्वेराबाई भिंत चाचपत आल्या आणि शेजारी बसल्या. त्यांनी स्वेटरच्या खिशातून माळ काढली आणि विचारलं, "तेर्स म्हणणार? मॅन्युएलसाठी?" तेर्स, बाय! आपली आजी रोजरीला तेर्स म्हणायची, तोच शब्द, तसाच. या देशात आल्यापासून मी तो कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनी पोर्तुगीजमध्ये सुरुवात केली, मी मराठीत उत्तर दिलं. नमो मारिया मला सगळी आठवत होती. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण कुठे थांबायचं ते दोघींना माहीत होतं.

माळेची पाचही दशकं, दहा-दहा मण्यांची, म्हणून झाली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाला टोचायला घाबरता? मला तर नाही."

मी सगळं सांगितलं. अधू डोळ्यांच्या बाईला सांगणं सोपं जातं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

मला ते दोन वर्षं उच्चारता आलं नव्हतं. बावतीससमोर मी 'तो पेशंट' म्हणायचे.

"ऑल्सन," मी म्हटलं. "हॅरॉल्ड ऑल्सन."

"त्यांच्यासाठी प्रार्थना करता?"

"नाही. मला लाज वाटते."

"लाज तुमची. प्रार्थना त्यांची आहे," त्या म्हणाल्या. "त्यांची त्यांना मिळू द्या." आणि पुन्हा माळ हातात घेतली. त्यांचा स्वतःचा नवरा जिवंत आहे की नाही हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं, तरी हॅरॉल्ड ऑल्सनसाठी त्यांनी आणखी एक पूर्ण दशक म्हटलं. प्रत्येक वेळी नाव घेऊन. मी उत्तर देत राहिले. रडू आलं नाही. दशक संपल्यावर उठून आत कामाला लागले.

शुक्रवारी मी फादर कीनला कुमसार ऐकाल का विचारलं. जागा कुठेच नव्हती. डब्यांच्या आणि ब्लँकेटांच्या खोलीत दोन खोक्यांवर बसलो. औषधाच्या चुकीपासून मुलीला म्हटलेल्या यू आर वेलकमपर्यंत मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आकडा वाचायला चुकलात, ती चूक झाली. दहा पावलं चालला नाहीत तो हलगर्जीपणा, तो देवापुढे ठेवा. आणि त्या मुलीने हात धरला तेव्हा खरं दडवलंत, तेही ठेवा. बाकीचं ओझं तुम्ही स्वतःहून उचललंय, ते देवाने मागितलेलं नाही." प्रायश्चित्त म्हणून ईस्टरपर्यंत रोज ऑल्सनसाठी नाव घेऊन प्रार्थना करायला सांगितली. मुलीला कळवण्याची अट घातली नाही. मीच विचारलं, कळवू का? ते म्हणाले, "स्वतःला हलकं करायला लिहू नका. खरं काय झालं हे तिला मिळालं पाहिजे असं वाटत असेल, तर लिहा."

दुसऱ्या रविवारी मी कम्युनियन घेतलं. अनिता माझ्याकडे वळून बघत होती.

ऑल्सन यांच्या मुलीला मी दोन मार्चला लिहिलं. पत्ता फोनच्या पुस्तकात होता. एक पान, सबबी न सांगता. उत्तर आलेलं नाही. येईलच असं नाही, आणि मी वाट बघत नाही असंही नाही.

परत हॉस्पिटलात जाईन का, मला माहीत नाही. सध्या दुकानातच आहे. दर रविवारी मिस्सानंतर लुर्डेस मला म्हाताऱ्या माणसांचं ब्लड प्रेशर घ्यायला बसवते. तेवढं जमतं.

दीपाला माझ्या हॉस्पिटलात लावता येणार नाही, कारण माझं हॉस्पिटल नाही. तिला यायचं असेल तर परीक्षेची माहिती मी पाठवीन, आणि राहायला आमचं घर आहे. पण आधी हे पत्र तिला पूर्ण वाचायला दे. काही गाळू नकोस. तिने तो फोटो ठेवायचा की नाही ते तिचं तिने ठरवावं. मात्र आकडा खटकला तर कुणालाही, कितीही कामात असलं तरी, विचारायचं, हे तिला माझ्याकडून सांग. आगुस्तीनदादाला तू तुझ्या शब्दांत सांग. तुला खोटं लिहीत राहिले, त्याची क्षमा मी समोर येऊन मागीन. यंदा नाताळला यायचा विचार आहे.

एक मागणं आहे. ईस्टरच्या आठवड्यात तुमच्या चॅपलमध्ये त्यांच्यासाठी एक मिस्सा होईल का? ते कॅथलिक नव्हते, लुथेरन असावेत. फादरांना तसं आधीच सांग, म्हणजे त्यांना अडचण वाटणार नाही. नाव हॅरॉल्ड ऑल्सन. उच्चार जमेल तसा करा, पण मोठ्याने घ्या.

जिला तू स्वतःच्या दंडावर पहिलं इंजेक्शन द्यायला लावलंस, ती तुझी धाकटी बहीण,
रेजिना