आत्याच्या शेजारी कोण

९ जानेवारी
आत्याच्या गावी जाऊन आलो. कुंभार पिंपळगावपर्यंत एस.टी., पुढे सरपंचांची जीप. ग्रा.पं.ने आठवडी बाजारासाठी नवीन जागेवर ओटे बांधलेत. ऐंशी. वर पत्रे, कडेला नळ. कोणाला कुठे बसवायचं तेवढं मी ठरवून द्यायचं. फुकट. कंपाला, किसुमू, काठमांडू, लुसाका, सगळीकडच्या लोकांचे बाजार नि वस्त्या बसवल्या, निवृत्त होऊन आता घरचं कार्य. नंदा म्हणाली, "न्हाणीतला नळ आधी बसवा, मग गाव."

आज बाजार जुन्याच जागी, शाळेजवळ. गोदाआत्या भिंतीला पाठ लावून, पुढ्यात मिरची, हळद, धने. वय चौऱ्याहत्तर. पाचवी ते दहावी मी हिच्याच घरी वाढलो, हिच्याच हातचा मार नि भाकरी खाऊन. दहा पावलांवर असताना मिरचीचा खकाणा नाकात गेला, शिंकलो. तिने मानही न वळवता हाक मारली, "बाळू, कधी आल्ता रे जालन्याहून?" एवढ्या गर्दीत ओळखलं! बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

तिच्या डावीकडे बिस्मिल्लाबी, बांगड्यावाली. हिचं तोंड म्हणजे भोंगा. मिरची घ्यायला आलेल्या बाईलाही हीच लांबून हाळी देते, "ये गं कमल! या पाटलीणबाई!" आत्याची गिऱ्हाइकं पळवते की काय. उजवीकडे काशिनाथ, दोर, कासरे, बैलांच्या म्होरक्या विकणारा. त्याने एक दोर आत्याच्या बसकणीपासून शाळेमागच्या संडासापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर ताणून ठेवलाय. मी अडकून तोंडावर पडणार होतो. वहीत नोंद: दोर, अडथळा, काढणे.

१२ जानेवारी
आराखडा झाला. मालाप्रमाणे रांगा. भाजी, मसाले, कापड, बांगड्या, चपला-बूट, दोर-अवजारं. गिऱ्हाईक सरळ आपल्या रांगेत जातं. मसाले एका टोकाला, म्हणजे खकाणा दुसऱ्याच्या डोळ्यात नको. कागदावर फार देखणं दिसतंय.

नंदाने चष्मा लावून पाहिलं. "शाळेसारखं बसवलंय. अ तुकडी, ब तुकडी." हिला कौतुक म्हणून करता येत नाही.

१६ जानेवारी
बाजारात नकाशा भिंतीवर लावून सगळ्यांना समजावला. पन्नासेक माणसं जमली. प्रत्येक जण म्हणाला, "बराबर हाय, साहेब." अर्ध्या तासात सभा आटोपली. सरपंच खूष, लगेच पाट्या रंगवायला टाकतो म्हणाले.

आत्याने एकच विचारलं. "माझ्या शेजारी कोण?"
"मसालेवाले."
"आन् बिस्मिल्ला?"
"ती ओटा एक्केचाळीस. तू सहा."
"आन् काशिनाथ?"
"तो पार पलीकडं, सत्तरच्या पुढं."
हसली. "बरं." आणि ओंजळभर भाजक्या शेंगा माझ्या खिशात कोंबल्या, मी पाचवीत असल्यासारख्या.

जाता जाता काशिनाथला दोर काढायला सांगितला. तो आत्याकडे बघत उभा राहिला. ती मिरचीत हात फिरवत राहिली. मग त्याने गाठ सोडली. "बरं, साहेब."

१९ जानेवारी
जुनी कागदपत्रं आवरताना केनियातली, किसुमूची वही सापडली. तिथल्या बाजारात मासळी विकणारी अकिन्यी मला म्हणाली होती, रेघ मारायच्या आधी अख्खा एक दिवस खाली बसून राहा, नाहीतर नकाशात बाजार नाही, स्वतःच्याच पायवाटा काढशील. मी ते पुढे नव्या पोरापोरींना शिकवलं. पुस्तिकेत छापलं. 'गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे' हेही मीच छापलंय. आणि गावी गेल्यावर? अर्धा तास, तोही उभ्यानं. गाव आपलंच, त्यात काय बसून बघायचं, असं वाटलं असणार. पुढच्या बाजारी बसायचं. सकाळपासून.

२३ जानेवारी
बसलो. आठ ते पाच, शाळेच्या पायरीवर. नंदाने शिंकांसाठी मास्क दिलेला. कोण उठून कुठे जातं, त्याचं दुकान कोण सांभाळतं, बाण काढत गेलो. भाजीवाली पोराला पाजायला गेली की चपलावाला तिची भाजी विकतो. चपलावाला चहाला गेला की ती त्याच्या चपला. कोणी कोणाला सांगतसुद्धा नाही. दुपारपर्यंत कागद बाणांनी भरला. माझ्या रांगांनी यातला एकूण एक बाण तोडला असता.

आत्याकडून मात्र एकही बाण नाही. ती उठलीच नाही. बिस्मिल्लाबीने चहा पुढे केला, "नगं." पाणी, "नगं."

दीडला बिस्मिल्लाबी नमाजाला घरी गेली. काशिनाथ गिऱ्हाइकात. मी पाय मोकळे करायला उठलो, आत्यापुढे उभा राहिलो. मास्क होता, शिंक नाही. तिने मान वर केली, माझ्या छातीकडे बघत म्हणाली,
"काय देऊ, दादा? मिरची लई चांगली हाय यंदा."

ती परत म्हणाली, "दादा?"

पुढे नीट लिहवत नाही. मी काही न बोलता पायरीवर परत आलो. का, माहीत नाही. थोड्या वेळाने ती उठली. भिंतीला धरून दोन पावलं, आणि मग उजवा हात कमरेएवढा वर, हवेत, काहीतरी शोधत. दोर शोधत होती. मी काढायला लावलेला. म्हणून सकाळपासून चहा नगं, पाणी नगं.

बिस्मिल्लाबी लांबून धावत आली. तो हात तिने धरला आणि चालता चालता माझ्याकडे जे बघितलं ते जन्मभर विसरणार नाही.

२४ जानेवारी
नंदाला सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही.
"मला दिवाळीतच कळलं. साडी दिली तर आधी काठ चाचपला, मग म्हणाल्या, रंग छान आहे. कोणता ते म्हणाल्या नाहीत."
"मग मला का नाही बोललीस?"
"त्यांनी माझा हात दाबला हो. काय बोलणार?"
म्हणजे सगळ्यांना दिसत होतं, मी सोडून. आणि माझा तर बघण्याचाच धंदा.

दिवसभर स्वतःचा राग येत राहिला. न्हाणीतला नळ बसवला.

३० जानेवारी
बाजार भरायच्या आधी सकाळी आत्याच्या घरी गेलो. मास्क खिशात. ती चुलीपुढे. भाकरी थापत होती, एक पण वाकडी नाही. म्हटलं, आत्या, जालन्याला चल, चांगल्या डॉक्टरला दाखवू.

"दाखवलं. बिस्मिल्लाच्या पोरीनं नेल्तं दोन वर्षांमागं. काचबिंदू म्हणतेत. गेलेलं वापस येत न्हाई. थेंब टाकून राह्यले, हाय तेवढं उजेड-अंधार कळतंय."
"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"
"सांगून? तू मला जालन्याला नेऊन गादीवर बशिवलं असतं. दत्तू पुण्याला नेऊन टीव्हीपुढं." दत्तू तिचा मुलगा. "डोळे गेले, बाळू, बाजार न्हाई गेला. हातानं मिरची कळती. आवाजानं माणूस कळतंय, न्हाई कळलं तर बिस्मिल्ला वरडती. काशिनाथनं दोर बांधल्ता."

म्हणजे त्या हाळ्या! मला वाटलं, गिऱ्हाइकं पळवते.

"मग सभेत कामून बोलली नाहीस?"
"तू एवढा हौसेनं करून राह्यलास. लोकांम्होरं तुला खाली बघायला लावू?"

मी रडलो. तिला ऐकू आलं असणार, कारण तिने तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. "खा. गरम हाय. आन् दत्तूला सांगायचं न्हाई. शपथ घे."

घेतली. आता पंचाईत अशी की नकाशा बदलायचा आहे आणि खरं कारण सांगता येत नाही.

६ फेब्रुवारी
कारण सांगायची गरजच नाही, एवढं माझ्या डोक्यात यायला आठवडा लागला. अख्ख्या बाजाराला विचारायचं. नकाशा नाही, भाषण नाही. एकेकाच्या पुढ्यात मांडी घालून एकच प्रश्न, तुमच्या शेजारी कोण पाहिजे?

चपलावाला म्हणाला, "ही भाजीवाली. पंधरा वर्षं झाली, आमचं भांडणबी हिच्याशीच." एक मडकीवाला म्हणाला, कोणीही चालेल, फक्त शेळ्यावाला नको. जुना दोर केव्हाच परत ताणलेल्या काशिनाथने मला पाणी दिलं आणि विचार न करता सांगितलं, "गोदाबाई." बिस्मिल्लाबीजवळ गेलो तर तिने हात धरला आणि हिरवी काचेची बांगडी माझ्या मनगटावर चढवायला लागली. "तुमीच घाला साहेब, आता अक्कल आली तर." सगळा बाजार हसला. आत्या सगळ्यात जोरात.

बिस्मिल्लाबीची माफी मागितली. "जाऊ द्या," म्हणाली, "गोदा तुमच्या शिंकेची वाट बघती हर बाजारी. बोलून दाखवत न्हाई."

११ फेब्रुवारी
सरपंचांना नवा कागद दाखवला. कपाळाला हात. "साहेब, मालापरमानं रांगा तुमीच म्हणले. पाट्या रंगून आल्या. उद्घाटनाला पाव्हने सांगितले. आता म्हनता मिरचीशेजारी बांगड्या, बांगड्यांशेजारी कोथिंबीर?"
"चुकलो म्हणतोय."
"सभेत म्हनताल?"
"म्हणतो."
त्यांनी चहा मागवला, म्हणजे अगदीच दार लावलं नाही. ग्रामसभेपुढे ठेवू म्हणाले. त्यात एक सदस्य मालाच्या रांगांवर अडून आहे, त्याला त्या फार आवडल्या. माझ्याच आराखड्याचा वकील माझ्याविरुद्ध. असे भोग.

२० फेब्रुवारी
शाळेच्या मैदानात खोदकाम निघालं, म्हणून आजचा बाजार नव्या जागी. ओटे अजून कोणाच्या नावावर नाहीत. सरपंचांनी सांगितलं, आजच्यापुरतं बसा कुठंबी.

कुठंबी नाही बसले. जुन्या जागी होते तसेच, एकेक करून, न बोलता, त्याच क्रमाने. 'चपला-बूट' पाटीखाली आत्याची मिरची. 'मसाले' पाटीखाली गाढवभर मडकी. त्या मालप्रेमी सदस्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सरपंच मला म्हणाले, "हे आजच्यापुरतं हाय, साहेब. समजून राहा."

नव्या जागेत नळ लांब, संडास त्याहून लांब. काशिनाथने दोराचं वेटोळं माझ्या हातात दिलं. "सोडायला तुमी लावला. बांधा आता." आत्याच्या ओट्यापासून खांबाला, खांबापासून नळाला, तिथून संडासाला. एवढ्या देशांत काम केलं, पण दोर बांधायची वेळ पहिलीच. आत्याने दोर ओढून पाहिला.
"ढिला हाय."
परत बांधला.
"आता बराबर."

मग उठली. एकटी. दोरावर हात फिरवत नळापर्यंत गेली, चूळ भरली, पोटभर पाणी प्यायली, परत आली. मध्ये सरपंच होते. ते बाजूला सरकले. दोराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे काय?"
"नकाशात आहे," मी म्हणालो. नव्हतं.
ते दोराला वळसा घालून गेले. कळलं असेल. पुण्याला दत्तूलाही कधी ना कधी कळेलच.

आत्याला विचारलं, सभेत कोणी दोराचं कारण विचारलं तर काय सांगू? म्हणाली, "सांग, म्हातारी हट्टी हाय. खोटं थोडंच हाय?"

२१ फेब्रुवारी
सकाळी नकाशात दोर आखला. लाल शाईने, ओट्यापासून नळापर्यंत, नळापासून संडासापर्यंत. वहीतली 'दोर, अडथळा, काढणे' ही नोंद खोडली. त्या जागी काय लिहावं सुचेना, नुसतं 'दोर' लिहिलं.

सभा सोमवारी. सदस्य अडणार, सरपंच कुठे झुकतील सांगता येत नाही. नंदा येते म्हणाली, मागे बसून बघते तुम्ही कसं चुकलो म्हणता ते. तिने बॅग भरली, माझा मास्क वरच ठेवला.

मी तो काढून कपाटात टाकला.