दोघांची एक जून

गुरुजी,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी लिहिताना माझा हात अजून वेलांटीपाशी थांबतो. आज रविवार. जेवण झाल्यापासून मी ऑफिसचा लॅपटॉप उघडून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो आहे. ती मीच लिहिली आहे आणि तिच्यात चूक नाही. चूक सापडली असती तर तुम्हाला लिहावं लागलं नसतं.

दहावीनंतर माझी शाळा सुटली. आता मी बेळगावात, आरोग्य शिबिरांची माहिती कॉम्प्युटरवर लावणाऱ्या एका छोट्या ऑफिसात आहे. मोठा तक्ता असतो, एका माणसाची एक ओळ. त्यातून हव्या त्या ओळी निवडायच्या. हातानं नाही, अट लिहून. अटीत बसते ती ओळ राहते, बाकीच्या जातात. खोडरबरानं वहीला भोक पाडलं म्हणून तुम्ही मला एकदा उभं केलं होतं. "खोडू नको, एक रेघ ओढ. काय चुकलं ते दिसायला पाहिजे." इथं रेघ नसते, गुरुजी. उरलेला तक्ता इतका स्वच्छ दिसतो, की त्यात आणखी कुणी होतं असं वाटतच नाही.

फौंड्रीतल्या कामगारांची छाती तपासायचं शिबिर झालं. नळीत फुंकायचं, आकडा लिहायचा. ज्यांचा श्वास कमी भरेल त्यांना पुढचे उपचार फुकट. बिस्किटांच्या पुड्यासाठी काही जण दोनदा रांगेत लागतात, म्हणून ऑफिसातल्या सरांनी सांगितलं, आधी दुबार नावं काढ. आधार नंबर आमच्याकडे येण्याआधीच काढून टाकलेले असतात. मी अट लिहिली, तीच ही ओळ : नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख तीच असेल, तर पहिली ओळ ठेव.

आमच्या वर्गातले ते दोघे चुलतभाऊ तुम्हाला आठवतील. दोघांनाही वारलेल्या आजोबांचंच नाव. हजेरीला तुम्ही 'थोरला' आणि 'धाकटा' म्हणायचात. दोघंही फौंड्रीत लागले, दोघंही शिबिराला गेले. थोरल्यानं आधी फुंकलं. त्याचा आकडा चांगला आला, धाकट्याचा कमी. त्याची ओळ राहिली, धाकट्याची गेली.

गेल्या आठवड्यात दोघं घरी आले. "माझं नाव न्हाय रं आलं," धाकटा म्हणाला. मी तिथंच फाइल उघडली आणि काय झालं ते सांगितलं. थोरला मांडीवर थाप मारून हसला. "म्हंजे फुकलो मी आणि पास झाला ह्यो! शाळंत ह्याच्या वाटणीच्या छड्या मीच खाल्ल्या. आता ह्याचा दमबी मीच भरायचा व्हय?" आम्ही तिघंही हसलो. धाकट्याच्या हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा. थोरला त्याची पाठ चोळत होता आणि आता हसत नव्हता.

आमचं नाव शाळेत घातलं तो दिवस आई नेहमी सांगायची. तुम्ही विचारता, "आक्का, पोरगं कधी जन्मलं?" आई म्हणते, "शाळू खुडायच्या वक्ताला." तुम्ही लिहिता, एक जून. थोरल्याचं नाव आधीच घालून झालेलं असतं, त्यालाही त्याच सालची एक जून. आईच्या मागं धाकट्याची आई उभी असते. ती म्हणते, माझा दिवाळीच्या तोंडावरचा. तुम्ही लिहिता, एक जून. मग आईच म्हणते, "गुरुजी, सगळी पोरं एकाच दिवशी जन्मली तर सुईणीनं कुठं कुठं पळायचं?" आणि तुम्ही म्हणता, "आक्का, तारीख नसली तर पोरगं घरी बसंल. बसू दे का?"

तुमचं खरं होतं. तारखेवाचून आम्ही बाहेर राहिलो असतो. पण मी सोमवारी सरांकडे गेलो आणि सांगितलं, ही दोन माणसं आहेत. सर वाईट नाहीत. त्यांनी दोन्ही ओळी नीट पाहिल्या. मी म्हणालो, आकडे वेगळे आहेत. ते म्हणाले, एकाच माणसानं दोनदा फुंकलं तरी आकडा वेगळा येतो. शाळेचा दाखला आणू का, मी विचारलं. दाखल्यावर एक जूनच असणार, हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. शेवटी ते म्हणाले, "इरली बिडो, असू दे आता. समजा दोघं आहेत. यादी गेली, जागा भरल्या. आता कुणाला काढू, तू सांग." मी माझ्या टेबलाशी परत आलो.

धाकट्याला मी फोनवर म्हणालो, पुढच्या खेपेला तुझं नाव नक्की. पुढची खेप ठरलेली नाही. "तू हाईस म्हणून बरं," तो म्हणाला आणि पाळीला गेला.

हे पत्र कुठं टाकू, गुरुजी? टाकणारच नाही. तुम्ही कधी माझी वही अर्धी तपासून परत दिली नाहीत, म्हणून एवढं तरी तुम्हाला सांगतो. गाळलेल्या ओळींची वेगळी फाइल निघते. तिच्यात धाकटा एकटा नाही. त्याच्या वर नावं आहेत, बहुतेकांची तारीख एक जून, आणि खालीही आहेत. मी त्याची ओळ सापडेपर्यंत वाचलं आणि फाइल मिटली. खालच्या ओळी मी अजून वाचलेल्या नाहीत.