बुधवारचा काळजाचा वर्ग

८ जानेवारी, बुधवार

मुठीएवढं! फक्त मुठीएवढं असतं काळीज! आज हातात घेऊन बघितलं. प्लास्टिकचं होतं, पण मधोमध उघडणारं. आत कप्पे, पडदे, झडपा. मी बघतच राहिले.

नोव्हेंबरात ह्यांना अ‍ॅटॅक आला, काळजाच्या नळ्यांत दोन स्प्रिंगा घातल्या. बाकीच्या पेशंटना नंतर मशीनवर चालवतात. पण ह्यांचे गुडघे कामातून गेलेले. जन्मभर वॉचमनची नोकरी, सगळी उभ्याने. डॉक्टर म्हणाले, चालणं नाही तर नाही, बुधवारी परळला आमच्या हॉस्पिटलच्या वर्गाला या. बायकोलाही आणा. झालं! साठीत पाटी-दप्तर!

शिकवणाऱ्या प्राची मॅडम अगदी पोरगेल्या. म्हणाल्या, काळीज सगळ्या अंगाला रक्त पोचवतं, पण आत भरलेलं रक्त स्वतः घेत नाही. त्याला बाहेरून वेगळ्या बारीक नळ्या. म्हणजे बघा, अख्ख्या चाळीच्या टाक्या भरायच्या आणि स्वतः कोपऱ्यातल्या करंगळीएवढ्या नळाखाली ओंजळ धरायची! अंगावर काटा आला. देवाने काय डोकं चालवलंय!

हे मात्र खिडकीबाहेर बघत बसले. अ‍ॅटॅकपासून हे असंच, तोंडातून शब्द नाही.

१० जानेवारी

आजही नाही बोलले. चहा हवा? मान. नको? तीही मान.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणतात. अहो, गोड राहू दे, नुसतं बोला! तिळगूळ हातात घेतला, खाल्ला, पाणी प्यायले. मी आत जाऊन रडले.

१५ जानेवारी, बुधवार

आज तर कमालच ऐकली. काळीज आकसतं तेव्हा त्याच्या स्वतःच्या नळ्या दाबल्या जातात. म्हणून बहुतेक रक्त त्याला मिळतं ते दोन ठोक्यांच्या मधे, सैल पडतं तेव्हा! एवढ्याशा विसाव्यात जेवून घेतं आणि पुन्हा कामाला. टॅक्सीत मी सगळा वेळ छातीवर हात ठेवून बसले होते. साठ वर्षं हे आत चाललंय आणि मी एकदाही विचारलं नाही, बाबा, जेवलास का?

मॅडम म्हणाल्या, भीती वाटली की ठोके वाढतात आणि विसावा कमी होतो. हे ऐकताना ह्यांनी पहिल्यांदा खिडकीवरून नजर काढली. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. दृष्ट नको लागायला.

१८ जानेवारी

संध्याकाळी चाळीच्या मंडळाचा हितेंद्र आला. सव्वीसला मजल्याची सत्यनारायणाची पूजा. "काका, गाऱ्हाणा तुमीच घालूचा. दुसऱ्याक जमणा नाय!"

खरंच जमत नाही. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगणं. ह्याच्या पोराला नोकरी दे, तिची कूस उजव. एकेकाचं नाव घेऊन. आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी ओरडायचं, "होय म्हाराजा!" सासऱ्यांच्या मागे हेच घालतात. आवाज असा की करी रोडच्या पुलावरची माणसं वळून बघावीत. ह्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. हितेंद्र चप्पल घालून गेला, पोरगं हिरमुसलं.

डॉक्टर म्हणतात, काळीज छान चाललंय. मग माझा माणूस कुठे गेला? तो मला परत पाहिजे. दुसरं काही नको.

२२ जानेवारी, बुधवार

आज कधी एकदा लिहिते असं झालंय!

मॅडमनी आज शिकवलं नाही. सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, अ‍ॅटॅकनंतर भीतीने काय सोडलंत? एकजण म्हणाला, मोरीचं दार लावून आंघोळ. एका बाईने डाव्या कुशीवर झोपणं सोडलेलं. अनोळखी माणसं, घरात बोलली नसतील ते सांगत होती. मग ह्यांची पाळी आली आणि हे पुटपुटले —

"बोलना सोडलंय. जोरान बोललंय तर स्प्रिंग सुटात."

अडीच महिने! अडीच महिने हा माणूस त्या स्प्रिंगांना सांभाळत मुका बसला होता! मला हसू की रडू कळेना. तेवढ्यात वरळी कोळीवाड्याच्या मासळीवाल्या पुतळाबाई उसळल्या, "माजा पन तेच! बाजारान मुकी बसतंय. गिऱ्हाईक इचारतं, मावशी, मावरं ताजं हाय ना? तर निस्ती मान हालवतंय!"

सगळा वर्ग हसला, हेसुद्धा! मॅडमनी स्प्रिंगेची, म्हणजे त्या बारीक जाळीची, चित्रं दाखवली. ती नळीच्या भिंतीत दाबून बसवतात, मग तिच्यावर आपलंच अस्तर चढतं. हळूहळू ती आपल्या अंगाचाच भाग होते. "धोंडूकाका, तुमचे रिपोर्ट डॉक्टरांबरोबर बघितलेत. ओरडून ती हलायची नाही." परक्या लोखंडाला शरीर असं पोटाशी धरतं? मी मनातल्या मनात हात जोडले. कोणाला, ते माहीत नाही.

घरी येऊन हे म्हणाले, "आमटीत मीठ कमी आसा." कमी आहेच, डॉक्टरांनी सांगितलंय! पण कानांचं पारणं फिटलं.

२६ जानेवारी, रविवार

घातलं गाऱ्हाणं!

आधी आवाज चिरकला. दोनदा खाकरले. मुलगा वैभव पाण्याचा तांब्या घेऊन उभा. मग लागला सूर. एकेका खोलीचं नाव घेत गेले आणि "होय म्हाराजा!"ने गॅलरी दणाणली. संपलं असं वाटलं, सगळे प्रसादाकडे वळले. तर हे थांबेनात. नारळावर हात तसाच.

"बा देवा म्हाराजा! आजपातूर माज्यासाठी कायएक मागूक नाय. आज मागतंय. माजी भीती तेवढी काढून घे म्हाराजा!"

गाऱ्हाणं घालणारा स्वतःसाठी मागत नाही, अशी रीत. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मीच ओरडले, "होय म्हाराजा!" बायकांतून, एकटी! आणि मग सगळा मजला ओरडला.

पूजा रोज करते मी. पण देव खोलीत आल्यासारखा आजच वाटला.

२९ जानेवारी, बुधवार

वैभवची बायको माहेरी, नातवाला ताप. मी वर्गाला गेले नाही. हे एकटे गेले! काठी टेकत, टॅक्सीला स्वतः हाक मारून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

परळ. या वेळी पलंगावर मी आहे.

मंगळवारी दुपारी जबडा दुखायला लागला, पाठ भरून आली, मळमळ, घाम. छातीत काहीच नाही. म्हटलं, पित्त असेल, पडते जरा. हे ताडकन उठले. "मालन, ह्या पित्त नाय! बायकांका असाच येता. बुधवारी मॅडमनी शिकवल्यानी!" मी चुकवला तोच वर्ग. मग गॅलरीत जाऊन असा आवाज दिला की तिन्ही मजल्यांवरची माणसं धावत आली, खुर्चीत बसवून मला खाली उतरवलं.

एक स्प्रिंग घातली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

हे शेजारी स्टुलावर बसून अखंड बोलतायत. नर्सने दोनदा गप्प केलं. मी म्हटलं, सिस्टर, बोलू द्या त्यांना.