रेखाचा सोमवार

सोमवार, दिवेलागण

सेलूच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुनेला, रेखाला विचारलं, "खातेस काय?" तिच्या आधी मीच फुशारकीनं सांगितलं, लेकरू व्हावं म्हणून सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास धरते. बाई नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या.

त्यांनी दिलेली पुस्तिका एसटीत वाचून काढली. स्त्रीबीज पिकायला महिने लागतात. तेवढ्या दिवसांत पोटात काय जातं, अंगातले हार्मोन कसे चालतात, यावर त्याचा कस बराच ठरतो. रक्ताचा रिपोर्ट बघून बाईंनी थायरॉईडची गोळी लिहून दिली. डाळ, अंडी, शेंगदाणे, दोन्ही वेळा पोटभर खा म्हणाल्या. आणि मी दोन वर्षं पोरीला साबुदाण्यावर ठेवलं. मायेनंच ना? की गल्लीतल्या बायकांच्या बोलण्याला भिऊन?

हे असते तर पहिल्याच सोमवारी म्हणाले असते, "जेवू दे तिला." यांचं ऐकायची सवय मला हे गेल्यावर लागली.

घरी येऊन वरण-भाकरी वाढली. रेखा ताटाला हात लावीना.

"मामी, आज सोमवार हाय. देवाला काय सांगू?"

"सांग, सासूनं घेतला उपास. नवस मी बोलले व्हते, धरीन बी मीच."

"मग लेकरू बी तुमालाच व्हईल की!"

दोघी लय हसलो. यांच्या फोटोकडं बघायची मला लाजच वाटली.

दोन भाकरी खाल्ल्या तिनं. मूल होईल, न होईल, कुणी सांगावं? बाईंचं ते बघणं मात्र डोळ्यांपुढून जात नाही. आता मला भूक लागली आहे. दोन वर्षं तिलाही अशीच लागत असेल. मी कधी विचारलं नाही.