विषाच्या वर्गात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम

नागपूर,
१२ डिसेंबर १९८६

ती. प्रेमिलामावशीच्या पायांवर गोपिकेचं डोकं. (पत्रातून टेकलेलं चालतं ना?) तुझा गुडघा कसा आहे, सावनेरात थंडी किती, काकाजींनी बिडी सोडली की नुसतीच लपवली, सगळं कळव. आम्ही मजेत, बापूजी तेवढे आठ दिवसांपासून माझ्याशी बोलून नाही राहिले. कारण तुझ्या कानावर आलंच असेल. तू आणलेलं स्थळ मोडलं. पण ते मी मोडलं नाही वं मावशी, शपथेवर सांगते, ते जगाच्या कल्याणात मोडलं!

त्याचं असं झालं. आमचा एम.एस्सी.चा वर्ग (फवारणीची औषधं, कारखान्यांची रसायनं पाण्यात आणि पोटात गेली की काय होतं, ते शिकायचं) कसा सुधारावा, हे पाहायला परदेशातून तिघं आले. एक स्वीडनचे, एक जपानचे, एक केनियाच्या बाई. देशोदेशीचे असे वर्ग पाहत ते हिंडून राहिले होते. कोणी गैरहजर राहिलं तर याद राखा, असा दम आमच्या मधुकरराव सरांनी भरला होता. नेमका तोच दिवस बापूजींनी मुलगी पाहायला दिलेला! लग्न ठरलं की कॉलेज बंद, माघात मुहूर्त, हेही त्यांनी आधीच जाहीर केलेलं. माझी परीक्षा एप्रिलात. मी घरी थांबत नाही म्हटल्यावर ते हट्टाला पेटले आणि बाबनराव, गोदूबाई आणि त्यांचा वसंत, अशी सगळी वरात घेऊन थेट वर्गात आले. सरांना वाटलं, विद्यापीठानं पाठवलेले कोणी असावेत. त्यांनी पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवून हार घातले. (गोदूबाई खूश. मुलीकडचे लोक मोठे रीतीचे दिसतात, म्हणाल्या.)

सर आपल्या मागण्यांची यादी (यंत्र, यंत्र आणि आणखी एक यंत्र) वाचत होते, तर केनियाच्या बाईंनी मध्येच बाबनरावांना विचारलं, तुमच्याकडे फवारणी कशी शिकवतात? सरांनी घाम पुसत भाषांतर केलं. बाबनराव धोतर सावरून उठले. "त्यात काय शिकवाचं? औषध हातानं ढवळाचं, बोट जिभेले लावून पाहाचं. कडू लागलं म्हंजे तेज हाय."

मावशी, आपण दाखवायची मुलगी आहोत हे मी साफ विसरले. पदर कमरेला खोचला आणि भावी सासऱ्यावर ओरडले, "काहून जिवावर उठले स्वतःच्या?" डोळ्यांपुढे धुकं येतं का, तोंडाला लाळ सुटते का, हात थरथरतात का, विचारतच सुटले. सगळ्याला हो! मग त्यांना नळाखाली उभं करून कोपरापर्यंत साबण लावायला लावला, नखांसकट. (बापूजींचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. मी पाहिला नाही.) स्वीडनवाले भराभर लिहून राहिले होते. शेवटी तिघांनी सांगून टाकलं की आफ्रिका असो, युरोप असो की आशिया, या विषयाच्या वर्गात शेतकऱ्याला बसवल्याशिवाय शिकवण्यात काही दम नाही. टाळ्या! सर रडले. (त्यांनी यंत्रं मागितली होती.) गोदूबाईंनी मात्र हार काढून टेबलावर ठेवला. "लग्नाआधी सासऱ्याले धुते, लग्नानंतर आमाले वाळत घालीन," म्हणाल्या आणि निघाल्या.

तेव्हापासून मी हवेत आहे. कॉलेज वाचलं, माघ टळला, सासूचा जाच सुरू व्हायच्या आधीच संपला. आता वर्षभर माझ्यासमोर स्थळाचं नाव काढू नकोस.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
गोपिका

ता. क. बाबनराव काल गोदूबाईंना न सांगता पुन्हा आले होते, गावातल्या चौघांना घेऊन. पाचही जणांचे हात धुवून घेतले. सर त्याला आता प्रात्यक्षिक म्हणतात.

आणखी ता. क. गडबडीत सांगायचं राहिलं. त्या दिवशी नळापाशी साबण वसंतानं धरला होता. बापाचे हात चोळता चोळता त्यानं एवढंच विचारलं, तुमचा शेवटचा पेपर कधी? मी सांगितलं, तर त्यानं तारीख तळहातावर लिहून घेतली. मावशी, मला तो फार आवडला वं. तू उद्याच्या उद्या गोदूबाईंकडे जा, हातापाया पड, माझी वाटेल तेवढी निंदा कर, पण मोडलेलं जोडून दे. मुहूर्त तेवढा २६ एप्रिलच्या पुढचा काढ. शेवटचा पेपर टाकून मी इंद्राच्या घरीही नांदायला जाणार नाही.