गाळून घेतलेली माती

मळमड्डी, धारवाड
२३ जुलै २०२४

प्रिय योगी,

पाकीट बघून आधी हसशील. चिगरी बसमध्ये बसलं की तासाभरात तुझ्या केशवापूरच्या दारात येणारी बाई पत्र काय लिहितेय, म्हणशील. हस बाई. तू हसल्याला खूप महिने झालेत. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि सासूबाई शेजारी.

आमच्याकडे सगळं ठीक. पावसानं झड धरलीय, कपडे वाळत नाहीत, घरभर दोऱ्या बांधल्यात आणि तुझे भावजी त्यांत अडकून रोज माझ्या नावानं ओरडतात. अभिषेकची परीक्षा झाली. पेपर कसे गेले म्हटलं तर ‘गेले’ एवढंच सांगतो.

परवा रविवारी तुझ्याकडे आले ते खरं तर काही सांगायला आले होते. तुझ्या सासूबाईंशी वांग्याच्या भावावर बोलले, दोनदा चहा प्यायले आणि परत आले. निघताना दारात तू हळूच विचारलंस, “अक्का, आईनं माती दिली न्हवं? आणली नाहीस?” मी म्हटलं, विसरले. विसरले नव्हते. पिशवी माझ्या कपाटात होती.

ती माती मी तुला देणार नाही, योगी. आधीच्या वड्या कुठल्या डब्यात उरल्या असतील तर आजच टाकून दे. आणि डोहाळे कितीही लागले तरी दुसरीकडून मागवू नकोस.

का, ते सांगते. सरळ सांगायला जमलं असतं तर रविवारीच सांगितलं असतं, म्हणून जरा वळसा घालून येते.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत भाग्यलक्ष्मी मॅडम अळणावर भागातल्या तळ्यांचा अभ्यास करताहेत, हे तुला मागे बोलले होते. बाटल्या धुण्यापासून यंत्र चालवण्यापर्यंत हाताखाली मीच असते. आपल्या गावचं तळंही त्यात आलं. आधी पाण्याचा निकाल लागला. मॅडम म्हणाल्या, “वनिता, निम्म ऊर नीरु छलो अद.” तुमच्या गावचं पाणी चांगलं आहे म्हणून मी लगेच आईला कळवलं, आणि आईनं ते गल्लीभर असं सांगितलं जणू तळं तिनंच खणलंय.

मग तळाच्या गाळाचा निकाल आला. त्यात शिसं निघालं.

ओढ्याच्या वरच्या माळावरची पत्र्याची शेड तुला आठवत असेल. तू कॉलेजात होतीस तेव्हा कुणी बाहेरचा माणूस येऊन तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. बॅटरीतलं ॲसिड तिथंच जमिनीवर ओतायचे. पुढं शेड बंद पडली, माणूस निघून गेला, आता तिथं गुरं चरतात. शिसं मात्र मातीतच राहिलं. मॅडमनी मला समजावलं ते असं: ते पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीच्या कणांना चिकटून बसतं, आणि कण जितका बारीक तितकं जास्त चिकटतं. पाऊस झाला की माळावरची माती ओढ्यात उतरते. जाडीभरडी वाळू वाटेतच बसते. बारीक माती पाण्याबरोबर तळ्यापर्यंत जाते आणि पाणी थांबलं की तळाशी बसते. असं वर्षानुवर्षं चाललंय. म्हणून तर वरचं पाणी स्वच्छ दिसलं, आणि ते खरंच स्वच्छ होतं.

आता आई काय करते ते आठव. उन्हाळ्यात तळं आटलं की मधल्या खोलगट भागातली माती आणते. पाण्यात कालवते, दाताखाली खडा येऊ नये म्हणून जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळते, रात्रभर निवळू देते आणि खाली बसलेली सायीसारखी माती तेवढी घेऊन वड्या थापते, निखाऱ्यावर भाजते. गावात कुणालाही दिवस गेले आणि मातीचे डोहाळे लागले की आईच्याच वड्या. माझ्या दोन्ही वेळी मीही मिटक्या मारत खाल्ल्या. तेव्हा ती शेड नव्हती.

पिशवीतली एक वडी कुटून मी मॅडमच्या नमुन्यांबरोबर तपासली. तळ्याच्या गाळात होतं त्याहून जास्त शिसं त्या वडीत निघालं. माझंच काही चुकलं असेल म्हणून परत केलं, तरी तेच. मॅडमना दाखवलं तेव्हा वडी कशी करतात ते त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाल्या, बारीक तेवढंच निवडून घेतलं तर असंच येणार. वडी कुणासाठी होती हे त्यांनी विचारलं नाही. मी स्टुलावर बसून रडायला लागले होते, त्यावरून त्यांना कळलं असावं.

हे वाचताना तुझं मन कुठं गेलं असेल ते मला कळतंय.

मागल्या खेपेला तू जेवण टाकून माती खायचीस आणि आई डबे भरभरून पाठवायची. आठव्या महिन्यात तुझी लेक आली आणि रडलीच नाही. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, स्कूटरवरून अमरगोळला ऑफिसला जात राहिली त्याचं हे फळ. आणि तू ते खरं धरलंस. नोकरी सोडलीस, स्कूटर विकायला लावलीस, आता जिनासुद्धा चोरासारखी दबकत उतरतेस. ते शिशामुळंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आता कुणालाच ते सिद्ध करता येणार नाही, असं मॅडमही म्हणतात. पण आईच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत पोचतं आणि त्यानं असं होऊ शकतं, एवढं नक्की. योगी, तू काहीही चुकीचं केलं नव्हतंस. ‘माझ्यामुळं झालं’ हे तुझ्या तोंडून पुन्हा ऐकलं तर थोबाडीत देईन, पोटुशी असलीस तरी.

शनिवारी मी रजा टाकलीय. आपण डॉक्टरांकडे जाऊन तुझ्या रक्तातलं शिसं तपासून घेऊ. तुझ्या उमेशरावांना हे पत्र वाचायला दे. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा.

राहिली आई. तिचंच टाळत टाळत इथवर आले.

तिला अजून काही माहीत नाही. काल सकाळी फोन आला. “माती पावली गे पोरीला? तिला खाऊ वाटालंय, का तूच ठेवून घेतलीस?” मी म्हटलं, पावली. तर म्हणाली, “ह्या खेपेला दोनदा गाळलंय बघ. एक खडा गावायचा न्हाई.”

मी फोन ठेवून दिला. गप्पच राहावं, या वयात तिला कशाला सांगायचं, असं खूपदा वाटलं. पण शेजारच्या शांताची सून गरोदर आहे आणि आई तिलाही वड्या देते. तेव्हा सांगायलाच हवं. येत्या रविवारी गावी जाऊन मी सांगणार आहे. शेडचं सांगेन, माळाचं सांगेन, ओढ्याचं सांगेन. तुझ्या लेकीचा विषय काढणार नाही. पण आई शाळेत गेली नसली म्हणून काय झालं, ते जोडायला तिला क्षणभरही लागणार नाही. त्या दिवशी बाळाला दुपट्यात गुंडाळून उमेशरावांच्या हातात देणारी आईच होती.

त्यानंतर ती तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. मी तिला ओळखते. गुडघा दुखतोय म्हणेल, म्हैस व्यायला झालीय म्हणेल. तुझ्या बाळंतपणाला येणार नाही आणि तिथं एकटी बसून आतल्या आत झुरेल. तुझा दोष नाही गं, असं मी तिला शंभरदा सांगेन आणि ती ऐकणार नाही, कारण गेलेलं मूल माझं नव्हतं.

ऐकलं तर ती तुझंच ऐकेल. तू बोलावलंस तरच येईल.

लगेच नको. आधी तू रड. तुला राग येईल, तर येऊ दे, ती तुझी लेक होती. भांडी आपट, आईचा फोन उचलू नकोस, मला वाटेल ते बोल. पण पोटातलं हे बाळ यायच्या आधी एकदा तिला फोन कर आणि म्हण, “आई, ये. तुझ्याबिगर मला जमायचं न्हाई.” हे तुझ्याकडे मागायचा मला हक्क नाही, योगी. तरी मागते आहे.

तुझी, आणि तिचीही,
वनिताक्का