ओतीव नावं

२ मार्च
आले एकदाची! पालिकेने दिलेली खोली छान आहे. पूर्वेला खिडकी, खाली बेकरी, समोर चौकात तो पुतळा. ब्राँझचा शिपाई, छाती इतकी फुगवलेली की श्वास सोडायचा राहून गेलाय. त्याला शंभर वर्षं होतायत, म्हणून मी त्याचा इतिहास लिहायचा. स्मारक समितीच्या अध्यक्षांनी स्वागत केलं. लढले असतील तर जेवणाच्या पंगतीत. मिशा मात्र सेनापतीच्या. घरचं कोणी सैन्यात आहे का, असं त्यांनी विचारलं. मीही मिरवून घेतलं, धाकटा भाऊ आहे, मीच वाढवलाय त्याला. त्यांनी त्याचं नाव, हुद्दा, सगळं नीट लिहून घेतलं.

५ मार्च
दिवसभर दफ्तरात. समितीचं जुनं इतिवृत्त म्हणजे थोरपणाचा रतीब. पण एक गंमत सापडली. पुतळ्याखालच्या पाटीवर एकोणीस शहिदांची नावं आहेत. पाटी ओतली मे महिन्यात, आणि पोरं आघाडीवर निघाली जूनमध्ये! अध्यक्ष म्हणाले, बाई, पुतळ्याबरोबरच उरकलेलं बरं, भट्टी काय रोज पेटते? बाजारात तुरी म्हणतात ते हेच. घरी येऊन एकटीच हसत बसले.

८ मार्च
सोळा मेले. तिघे परत आले. इतिवृत्तात त्यांच्याबद्दल एकच ओळ: ‘पाटीचा मान राखण्यात आला.’ ज्याच्या आजोबांनी पाटी ओतली, त्या म्हाताऱ्या ओताऱ्याला गाठलं. तो म्हणाला, ब्राँझ खोडता येत नाही हो ताई. तिघांना शहरात कोणी ओळखच दिली नाही. आयांनीसुद्धा दारं उघडली नाहीत. मग एके दिवशी त्यांना वाजतगाजत चौकात नेलं. पुढे काय झालं, विचारलं, तर तो उठला. हात धुवायला गेला, तो धूतच राहिला.

११ मार्च
ओताऱ्याच्या शेडमध्ये नवी पाटी. अजून कोमट. आत्ताच्या लढाईची. सात नावं, शेवटचं धाकट्याचं. रविवारी अनावरण.
अध्यक्षांना तोंडाला येईल ते बोलले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, तुमच्या घराला मान मिळतोय, जरा मन मोठं करा.

१३ मार्च
धाकट्याला फोन लागला. समितीने त्याला पत्र पाठवून बोलावलंय. रजा मिळाली, गाडीत बसलोय, म्हणाला. येऊ नकोस म्हटलं, तर हसला. ताई, तुझ्या हातचं जेवायला येतोय, म्हणाला, आणि—
आता लागत नाही.

१४ मार्च
बेकरीवाली म्हणाली, धीर धरा. म्हटलं, अहो, जिवंत आहे तो! तिने डोळे पुसले. मग मलाही रडू आलं. कशाला?

१५ मार्च, सकाळी
बॅण्ड वाजतोय. जिन्यात कोणीतरी ताई, ताई म्हणून हाका मारतंय. दार ठोठावतंय. खालून अध्यक्ष आणि समिती चढतेय. धाकटाच आहे. असणारच. कडीवर डावा हात आहे माझा, उघडतेच आहे, फक्त हा आवाज नेमका कोणाचा ते—